मुलाला जुलाब लागले की आधी ओआरएस; अँटिबायोटिकची वेळ कधी येते, ते ओळखा

उन्हाळा संपता संपता आणि पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (पूर्वीचा अहमदनगर) दवाखान्यांत लहान मुलांची गर्दी वाढते. नगर शहर असो, श्रीरामपूर-संगमनेर असो की जामखेड-पाथर्डी, तक्रार एकच असते : 'कालपासून पातळ संडास चालू आहे, उलटी पण होते.' दवाखान्यात येईपर्यंत बऱ्याच घरांत दोन गोष्टी होऊन गेलेल्या असतात. मेडिकलमधून अँटिबायोटिकचं एखादं सिरप आणून दोन डोस पाजलेले असतात. आणि 'पोटात काही टिकत नाही' म्हणून मुलाचं पाणी, दूध आणि जेवण कमी केलेलं असतं.

या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. जुलाबात मुलाचा जीव बहुतेक वेळा जंतूमुळे नाही, तर अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे धोक्यात येतो. त्यामुळे पहिला इलाज पाण्याचा आहे. अँटिबायोटिक थोड्याच मुलांना लागतं, पण ज्यांना लागतं त्यांना ते वेळेवर आणि पूर्ण मिळालं पाहिजे. हा फरक घरात कसा ओळखायचा, ते इथे पाहू.

जंतू एकच नसतो

लहान मुलांच्या जुलाबामागे बऱ्याचदा विषाणू असतात. त्यात रोटाव्हायरसचं नाव पहिलं. पाण्यासारखी संडास, उलटी, थोडा ताप, आणि बहुतेक मुलं आठवड्याभरात बरी होतात. विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग होत नाही.

जिवाणूंमुळे होणारे आजार वेगळे. त्यातले चार घरच्यांना माहीत असावेत.

शिगेला : याने रक्ती आव पडते. पोटात मुरडा येतो, ताप येतो, संडासमध्ये आव आणि रक्त दिसतं. हा जंतू इतका चिवट आहे की शंभरपेक्षा कमी जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. म्हणून घरात एकाला झाला की न धुतलेल्या हातांवाटे दुसऱ्याला लगेच होतो.

कॉलरा : भाताच्या पेजेसारखी पांढुरकी, भरपूर आणि वारंवार संडास. काही तासांत मूल गळून जातं. गावात किंवा मोहल्ल्यात एकाच वेळी अनेकांना असा त्रास सुरू झाला तर पाणी दूषित झाल्याचा संशय घ्यावा आणि आशाताईला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवावं.

ई. कोलाय : याचे अनेक प्रकार आहेत. बहुतेक प्रकारांत साधे पाण्यासारखे जुलाब होतात आणि आपोआप थांबतात. एका प्रकारात मात्र रक्ताचे जुलाब होऊन नंतर किडनीवर परिणाम होऊ शकतो, आणि त्यात अँटिबायोटिकने फायद्यापेक्षा नुकसान होण्याची शक्यता असते. रक्ताच्या जुलाबानंतर मुलाची लघवी कमी झाली किंवा चेहरा पांढरा पडला तर थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यावं.

सालमोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर : कच्चं चिकन, अंडी, न उकळलेलं दूध यांतून येतात. सालमोनेलाचाच एक भाऊबंद म्हणजे टायफॉइडचा जंतू. त्याबद्दल पुढे येईल.

ओआरएस जुलाब थांबवत नाही, मूल वाचवतं

'ओआरएस दिलं, पण फरक पडला नाही' असं अनेक अम्मी सांगतात. फरक कशात पाहायचा ते माहीत नसतं म्हणून असं वाटतं. ओआरएस संडास बंद करण्यासाठी नसतंच. निघून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी असतं. जुलाब दोन-चार दिवस चालू राहतील, पण मूल खेळतं आहे, लघवी करतं आहे, जीभ ओली आहे, म्हणजे इलाज लागू पडतो आहे.

नुसतं पाणी का चालत नाही? आतडं आजारी असलं तरी त्याचं एक दार उघडं असतं. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात सोबत आले की ते या दारातून आत शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून घेतात. प्रमाण बिघडलं, साखर जास्त झाली, तर उलट आतड्यात पाणी खेचलं जातं आणि जुलाब वाढतात.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मीठ-सोड्याचं पाणी पिंपात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसवरून चारच्याही खाली आलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हाच उपाय जगभर नेला.

जामखेडने काय दाखवलं

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. जुलाब हे त्यातलं एक मोठं कारण. डॉक्टर प्रत्येक गावात पोहोचू शकत नव्हते. म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यातल्या कित्येक जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. या आरोग्यसेविका घरोघरी जाऊन मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, बाळाचं दूध का तोडायचं नाही, हात कधी धुवायचे, हे आयांना समजावत.

त्याच काळात दुष्काळ होता. प्रकल्पाने गावांत बोअर घेऊन हातपंप बसवले, म्हणजे पिण्याचं स्वच्छ पाणीही जवळ आलं. १९७६ पर्यंत बालमृत्यूचं प्रमाण हजारी ५२ पर्यंत उतरलं होतं. यात लसीकरण, पोषण आणि बाळंतपणाची काळजी या सगळ्यांचा वाटा होता. पण जुलाबापुरता धडा स्पष्ट आहे : मूल वाचवायला लागतं ते ज्ञान घरातल्या बाईच्या हातात असू शकतं. या कामासाठी आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ओआरएस कसं द्यायचं

पाकिटावर लिहिलेलं आधी वाचा. काही पाकिटं एक लिटर पाण्यासाठी असतात, काही २०० मिलिलिटरसाठी. एक लिटरचं पाकीट एका ग्लासात कालवलं तर मीठ जास्त होऊन मुलाला अपाय होतो. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या, असंही करू नका. पूर्ण पाकीट मोजलेल्या पाण्यात एकदाच कालवा, झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. त्यात वरून साखर, दूध किंवा सरबत घालू नका.

प्रत्येक पातळ संडासनंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा कप. दोन वर्षांपुढच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक कप. बाटलीने नको, वाटी-चमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग पुन्हा सुरू करा, दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा. उलटी होते म्हणून बंद करायचं नाही, फक्त वेग कमी करायचा.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. हे पाकीट मिळेपर्यंतच. बाळ सहा महिन्यांपेक्षा मोठं असेल तर भाताची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, ताक, शहाळ्याचं पाणी हेही चालतं. कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस आणि कडक चहा नको.

सोबत झिंक. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम, सलग १४ दिवस. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचे. याने आजार लवकर आटोक्यात येतो आणि पुढचे काही महिने पुन्हा जुलाब लागण्याचा धोका कमी होतो. ओआरएस आणि झिंक अंगणवाडी, आशाताई आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

पुठ्ठ्याच्या डब्यातलं 'ओआरएस'

मेडिकलच्या काउंटरवर सफरचंद किंवा संत्र्याच्या चवीची तयार पेयं अनेक वर्षं 'ओआरएस' या नावाने विकली गेली. त्यात साखर खऱ्या ओआरएसपेक्षा कित्येक पट जास्त असते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली.

ओळखायची खूण सोपी आहे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असल्याचं लिहिलेलं हवं. एक लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, हे ते सूत्र. स्वस्त पावडरही खरी असते. गोड लागतं म्हणून मूल आवडीने पितं, ही औषधाची खूण नाही.

अँटिबायोटिक कधी

पाण्यासारख्या साध्या जुलाबात अँटिबायोटिक लागत नाही. लागतं ते मुख्यतः अशा वेळी :

– संडासमध्ये रक्त दिसत असेल, सोबत ताप आणि मुरडा असेल. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
– डॉक्टरांना कॉलऱ्याचा संशय असेल.
– टायफॉइड असेल.
– बाळ फार लहान असेल, फार अशक्त किंवा कुपोषित असेल आणि संसर्ग रक्तात पसरण्याची भीती असेल.

कोणतं औषध, किती डोस, किती दिवस, हे मुलाचं वजन आणि तपासणी पाहून डॉक्टरच ठरवतील. थोरल्याला मागच्या वर्षी दिलेलं सिरप धाकट्याला पाजायचं नाही. मेडिकलवाल्या भाईंना 'जुलाबाचं काहीतरी द्या' म्हणायचं नाही. अँटिबायोटिकच्या पट्टीवर लाल उभी रेष असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ.

विनाकारण दिलेल्या अँटिबायोटिकने पोटातले चांगले जिवाणूही मरतात आणि कधी कधी त्यामुळेच जुलाब लांबतात. त्याहून मोठं नुकसान पुढचं आहे. अर्धवट औषधाला सरावलेले जंतू टिकतात आणि वाढतात. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की नेहमीच्या जवळजवळ सगळ्या औषधांना तो दाद देत नव्हता. शिगेलाच्या बाबतीत आपल्या देशातही जुनी औषधं चालेनाशी झाली आहेत. आज गरज नसताना दिलेलं सिरप उद्या खरी गरज पडेल तेव्हा निकामी ठरू शकतं.

संडास 'बांधणारी' गोळी, म्हणजे लोपेरामाइड, लहान मुलांना अजिबात देऊ नका. आतड्याची हालचाल थांबते, जंतू आतच राहतो आणि पोट फुगतं. आमांशाचं म्हणजे अमिबाचं औषधही लहान मुलांना क्वचितच लागतं.

टायफॉइड : ताप मोठा, जुलाब असतीलच असं नाही

चार-पाच दिवस चढता ताप, डोकेदुखी, पोटदुखी, भूक नाही. टायफॉइडमध्ये काही मुलांना जुलाब होतात, तर काहींना उलट बद्धकोष्ठता. आपल्याकडे विडाल तपासणी करून लगेच 'टायफॉइड निघाला' असं सांगितलं जातं. पण एकटी विडाल खात्रीची नसते. आधी झालेल्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्या तापातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, आणि त्यासाठी रक्त अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यावं लागतं. डॉक्टरांना हे विचारण्यात काही गैर नाही.

टायफॉइडचं औषध सुरू केल्यावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. दोन दिवसांत डॉक्टर बदलू नका, आणि ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. अचानक जोराची पोटदुखी सुरू झाली आणि पोट कडक झालं तर क्षणभरही थांबायचं नाही.

टायफॉइडची लस सहा महिन्यांनंतर देता येते आणि बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मोहीम घेऊन एक लाखाहून जास्त मुलांना ती दिली. आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

ही लक्षणं दिसली की घरी थांबू नका

– मूल सुस्त पडलं आहे, हाक मारली तरी नीट डोळे उघडत नाही.
– पाणी पीत नाही, किंवा प्यायलेलं सगळं उलटून टाकतं.
– डोळे खोल गेले आहेत, रडताना अश्रू येत नाहीत, तोंड कोरडं आहे.
– पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू मागे जाते. दोन सेकंदांपेक्षा जास्त लागली तर धोका गंभीर आहे.
– सहा तासांपासून लघवी नाही.
– संडासमध्ये रक्त आहे, किंवा जोराचा ताप आहे, किंवा झटका आला.
– बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान आहे.

गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. रस्त्यातही चमच्या-चमच्याने ओआरएस चालू ठेवा, फक्त मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर. सलाईन अशाच मुलांसाठी असतं. जे मूल पिऊ शकतं त्याला 'सलाईन लावाच' असा आग्रह नको. तोंडाने दिलेलं ओआरएस तेवढंच काम करतं, आणि सुई टोचण्याचा त्रासही वाचतो.

खाणं-दूध बंद नाही

अंगावरचं दूध चालूच ठेवा, नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. बाळ मोठं असेल तर मऊ खिचडी, दही-भात, केळं, उकडलेला बटाटा, थोडं तेल घातलेला वरण-भात. थोडं-थोडं, पण वारंवार. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या, म्हणजे गेलेलं वजन भरून येतं.

रमजानमध्ये मूल आजारी पडलं आणि रोज्यामुळे दूध कमी पडेल अशी भीती असेल, तर दूध पाजणाऱ्या आईला रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभा शरीयतने दिलेली आहे. मनात शंका असेल तर जवळच्या आलिमांना विचारा. बाळाचं दूध मात्र तोडू नका.

घरात आणि मोहल्ल्यात काय एहतियात

पाणी : जिथे नळाला रोज पाणी येत नाही किंवा टँकरवर भागवावं लागतं, तिथे साठवलेल्या पाण्यातच जंतू शिरतात. पिण्याचं पाणी वेगळ्या, झाकणाच्या भांड्यात ठेवा आणि काढायला लांब दांड्याचा ओगराळा वापरा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळ उकळू लागल्यावर एक मिनिट तसंच राहू द्या, किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरीनचं औषध सांगितलेल्या प्रमाणात टाका.

हात : संडासहून आल्यावर, बाळाचं शी-शू काढल्यावर, स्वयंपाकाआधी आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवा. एवढ्याने जुलाबाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. वजूने स्वच्छतेची सवय आपल्या घरांत आधीपासून आहेच, त्यात या वेळांना साबण जोडायचा.

बाटली आणि घुटी : दुधाची बाटली कितीही धुतली तरी निपलमध्ये जंतू राहतात. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको. एक वर्षाखालच्या बाळाला शहद चाटवू नका. त्यातल्या एका जिवाणूमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन अंग लुळं पडण्याचा आजार होऊ शकतो. तहनीक करायची असेल तर शहदाऐवजी खजूर घ्यावा, आणि तोही धुतलेल्या हाताने, अगदी थोडा.

गोश्त आणि सरबत : कच्च्या चिकन-मटणाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका. ईदच्या दिवशी शिजवलेलं गोश्त दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नका, आणि गरम करताना वाफ येईपर्यंत करा. मोहर्रमच्या सबीलवर किंवा इफ्तारला सरबत वाटणाऱ्या नौजवानांनी पाणी आणि बर्फ पिण्यायोग्य असल्याची खात्री करावी. बाजारातल्या लाद्यांचा बर्फ बऱ्याचदा मासे आणि माल थंड ठेवण्यासाठी बनवलेला असतो.

लस : रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ व्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. गोवरची लसही चुकवू नका. गोवरानंतर लागणारे जुलाब फार जड जातात.

दादी-नानींचे तीन समज

'दात येताना जुलाब होतातच.' दातांनी जुलाब होत नाहीत. त्या वयात बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं, म्हणून जंतू पोटात जातात.

'नजर लागली, आधी दम करून आणू.' दुआ आणि दम करायला कोणी अडवत नाही. पण निघण्याआधी ओआरएस पाजा आणि वर दिलेली लक्षणं असतील तर आधी दवाखाना.

'पाणी दिलं की संडास वाढते.' संडास वाढली असं वाटेल, पण मूल कोरडं पडणार नाही. कोरडं पडलेलं मूलच दगावतं.

प्रत्येक घरात ओआरएसची दोन पाकिटं, झिंकच्या गोळ्यांची एक पट्टी आणि पाणी मोजायला एक लिटरची स्वच्छ बाटली, एवढं कपाटात ठेवलं तर रात्री दोन वाजता मेडिकल शोधत फिरावं लागणार नाही. आणि आपल्या भागातल्या आशाताईंचा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा.